दंडावरची चार बोटं

माझ्या बाबांनी जन्मभर तिरोडीच्या मँगनीजच्या खदानीत काम केलं. गावात कोणाला काही 'दिसलं' की ते हसायचे. म्हणायचे, "इतक्या वर्सापासून जमिनीच्या पोटात उतरून राह्यलो, भूत असतं तं आतापावतर वळख झाली असती." मी त्यांची पोरगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. बालाघाटला खोली करून राहिले, इतिहास घेऊन बी.ए. केलं. डिग्रीला फ्रेम करून भिंतीवर लावली आहे आणि त्याची मला लाज नाही. नजर, करणी, अंगात येणं... असलं काही मी मानत नव्हते. मानणाऱ्यांना तोंडावर हसत होते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या हसण्यामुळेच झालं.

शिक्षण माझं हिंदीत झालं, मराठी घरची. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. सांगण्यात चूक नाही.

बालाघाट शहर संपून वारासिवनीकडे रस्ता लागतो, तिथे डाव्या हाताला आमचं वर्कशॉप आहे. टिनाचं शेड, पुढे निंबाचं झाड, झाडाखाली अर्धवट घडवलेले नंदी. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माझे मिस्टर, दिलीप, मूर्ती घडवतात. सिमेंटच्या जास्त, दगडाच्या कमी. शिक्षण आठवी, पण हात असा की दगडाच्या गाईला लोक चारा दाखवतील.

मी त्यांची दुसरी बायको. पहिली, शकुन, काविळीने गेली. माझं लग्न एकतिसाव्या वर्षी झालं. शिकता शिकता वय वाढलं की स्थळं अशीच येतात, त्याचं मला वाईट वाटलं नाही. माणूस चांगला होता, आजही आहे.

वाईट वाटलं ते पुतळीचं.

आमच्याकडे रीत आहे. पहिली बायको मेली आणि माणसाने दुसरी केली, तर दुसरीने पहिलीची पुतळी गळ्यात घालायची. नखाएवढी चांदीची पत्री, तिच्यावर बाईची आकृती ठोकलेली. नवीन लुगडं नेसायचं तर आधी पुतळीला लावायचं. जेवायला बसलं की पहिला घास तिला दाखवायचा. का, तर सवत वर बसून बघत असते. तिचा मान तिला मिळाला नाही तर ती तो घ्यायला येते.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी पुतळी काढून पत्र्याच्या डब्यात टाकली. सासूबाईंच्या लगेच लक्षात आलं.

"गळ्यातली पुतळी काहून काढली वं, सुनबाई?"

"आई, मी शिकलेली आहे. बी.ए. आहे."

"बी.ए. काय गळ्यात घालतेत का? ते भिंतीवर राहू दे. गळ्यात पुतळी घाल."

"जी गेली ती गेली. मी तिचं काय बिघडवलं?"

"तू नाई बिघडवलं बाई. पण तू तिच्या जागेवर बसून राह्यली ना."

असं दोन वर्षं चाललं. रोज नाही, पण ताप आला, काम गेलं, दूध नासलं, काहीही झालं की सासूबाई त्या डब्याकडे बघायच्या. मिस्टर मधे पडत नव्हते. एकदाच म्हणाले, "घातली तं काय होते?" मी म्हटलं, "नाही घातली तर काय होते?" ते उठून शेडमध्ये गेले.

आता मूर्तीचं सांगते. शहरातल्या एका खाजगी शाळेत लायब्ररी नवीन बांधली होती. तिथल्या प्रिन्सिपल मॅडमना जुन्या संस्कृतीचं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी एक रंगीत प्रिंटआऊट आणून दिला. इजिप्तमधली, हजारो वर्षांपूर्वीची, चुनखडीच्या दगडाची नवरा-बायकोची मूर्ती. दोघं एका आसनावर शेजारी शेजारी, ताठ, समोर बघत बसलेली. नवऱ्याचे हात मांडीवर. बायको त्याच्या डाव्या बाजूला. तिचा उजवा हात त्याच्या पाठीमागून गेलेला, आणि पलीकडे त्याच्या उजव्या दंडावर तिची चार बोटं दिसतात. फक्त बोटं. बाकी हात त्याच्यामागे.

"अशीच पाहिजे. दगडाचीच," मॅडम म्हणाल्या.

कटनीकडून चुनखडीचा दगड आला. हे खुश होते, कारण दगडाचं काम क्वचित मिळायचं. छिन्नी चालवता चालवता मला म्हणाले, "सिमेंटचं काम म्हणजे भाजी. मीठ कमी पडलं तं वरून टाकता येते. दगडातून काढता येते, घालता येत नाई. एक टिकली उडाली की उडाली."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मी मोबाईलवर त्या मूर्तीबद्दल वाचून दोघांना सांगायची. इतिहास माझा विषय. मी सांगितलं, या मूर्ती शोभेच्या नव्हत्या, मेलेल्यांच्या कबरीत ठेवायच्या. लोकांचा समज असा, की शरीर नासलं तरी मेलेल्याचा जीव मूर्तीत येऊन बसतो. म्हणून मूर्तीपुढे भाकरी ठेवायचे, पाणी ठेवायचे.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग आपल्यासारखंच आहे की. पुतळीच हौ ते. फक्त मोठी."

हे हसले. मला राग आला. एवढं वाचून सांगितलं, ते फिरून पुतळीवरच!

दीड-दोन महिन्यांत मूर्ती झाली. बायकोचं तोंड मला कोणासारखं वाटलं नाही, ते प्रिंटआऊटमधल्यासारखंच होतं. हे मुद्दाम लिहिते. ह्यांनी मनात शकुनला ठेवून तिचं तोंड कोरलं, असं तुम्ही म्हणाल, पण तसं नव्हतं.

मूर्तीच्या पाठीला, बायकोच्या बाजूला, लोखंडी सळई बसवायला बोटभर भोक पाडलं होतं. नंतर चौथरा रुंद केला, सळईची गरज उरली नाही. भोक बुजवायचं काम माझं. त्याच दगडाचा भुगा चिकटवायच्या केमिकलमध्ये कालवायचा आणि दाबून भरायचा, मी नेहमी करायची. त्या दिवशी भर दुपार होती. हे टेम्पो ठरवायला शहरात गेले होते, सासूबाई रामपायलीला लेकीकडे. सकाळीच त्यांनी जाता जाता टोमणा मारला होता: "दोन वर्सं झाले, कूस उजवली नाई. जिचं तिले दे म्हणजे होईन."

ते मला लागलं. फार लागलं.

मी उठले, डबा उघडला, पुतळी काढली आणि त्या भोकात सरकवली. वरून भुगा भरला, अंगठ्याने दाबला, पटाशीने सपाट केला. आणि मोठ्याने म्हटलं... कोणी ऐकायला नव्हतं, तरी मोठ्याने म्हटलं, "बस बाई नवऱ्याशेजारी. कायमची बस. माझ्या मागे लागू नको."

मग हसले. एकटीच.

दुसऱ्या दिवशी मूर्ती निघाली. काम बाहेर जाताना हळदी-कुंकू लावायची, नारळ फोडायची ह्यांची पद्धत आहे. कुंकू मलाच लावायला सांगितलं. त्या दगडाच्या बाईला मी माझ्या हाताने कुंकू लावलं. शाळेत बसवल्यावर मोबाईलवर समोरून, बाजूने पाच-सहा फोटो काढले. त्यात हे मूर्तीशेजारी छाती काढून उभे आहेत. मॅडमनी माहितीची पाटी माझ्याकडून लिहून घेतली. हिंदीत, खाली बारीक अक्षरात 'माहिती संकलन' म्हणून माझं नाव. मला किती अभिमान वाटला, काय सांगू! पाटीवर मी लिहिलं होतं, की त्या काळचे लोक या मूर्तीपुढे अन्न ठेवत.

पोरं ती. वाचलं आणि परीक्षेच्या दिवसांत मूर्तीपुढे टॉफी ठेवू लागली. कोणी डब्यातला पराठ्याचा तुकडा, कोणी बिस्किट. लायब्ररीवाल्या मॅडमनी मला हसत सांगितलं, "आपकी मूर्ती तो रोज़ भोग खा रही है, दीदी."

मीही हसले.

महिनाभराने ह्यांच्या हातून हातोडा पडला. पहिल्यांदा ते म्हणाले, "घाम आलता." दुसऱ्यांदा पडला तेव्हा हात पुसून परत उचलला. तिसऱ्यांदा पायाच्या बोटावर पडला, आणि मग बोलले, "दंडावर कोनंतरी थंडी वस्तू ठेवल्यासारखं लागते. हात उचलाले गेलो की धरून ठेवते."

उजवा दंड. जेवढा काय आमचा संसार आहे, तो त्या हाताने उचललेला आहे.

बालाघाटला दाखवलं, गोंदियाला दाखवलं, शेवटी नागपूरला नेलं. नसांची तपासणी झाली, मानेचे फोटो झाले. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, कामाचा ताण आहे, आराम करा. आराम केला तर हात आणखी जड झाला. आधी दंड, मग खांदा. चहाचा कप डाव्या हाताने धरू लागले. एकदा मी शर्टाचं बटण लावून देत होते, तर दुसरीकडे बघत म्हणाले, "मी आता बसल्या जागचा झालो, नाई?"

एक दिवस अंगणात, सकाळच्या उन्हात, सासूबाई त्यांना तेल लावत होत्या. अचानक त्यांचा हात थांबला.

"दिलीप, हे काय आहे रे?"

मी जाऊन बघितलं. खांद्यावर चार डाग. फिक्के, चुन्यासारखे, गुळगुळीत, एकाखाली एक. तिथले केस गेलेले. हात लावला तर बाकीचं अंग उन्हाने तापलेलं आणि ते चार डाग गार.

सासूबाईंनी आपली चार बोटं त्यावर धरून बघितली. बरोबर बसली नाहीत, त्यांची बोटं जाड. मग माझ्याकडे बघून विचारलं, एकदम हळू आवाजात, "सुनबाई, पुतळी कुठं आहे?"

ओढणी घेतली आणि ऑटो पकडून शाळेत गेले.

लायब्ररीत कोणी नव्हतं. खिडकीतून ऊन मूर्तीवर पडलं होतं. पुढ्यात दोन टॉफ्या आणि अर्धी पोळी. मी समोर उभी राहून मोबाईलमधला जुना फोटो उघडला. फोटोत बायकोची चार बोटं नवऱ्याच्या दंडावर होती, कोपर आणि खांद्याच्या मधोमध, प्रिंटआऊटमध्ये होती तशी.

समोर ती बोटं खांद्यावर होती.

मी मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, बाजूला जाऊन बघितलं. शिकलेलं माणूस आधी स्वतःची चूक शोधतं. फोटो तिरपा असेल, आठवण चुकली असेल. पण दंडाच्या जागी आता काही नव्हतं. सपाट, घासलेला दगड, जणू तिथे कधी बोटं नव्हतीच.

ह्यांना फोन करून बोलावलं. आले. मी फोटो दाखवला नाही, फक्त म्हटलं, "बघा." रुमाल पाण्याने ओला केला आणि डाव्या हाताने मूर्ती पुसू लागले. भुगा भरलेली जागा ओली झाली की वेगळी दिसते, तिथे काळसर कडं उमटतं. कारागिराला फसवता येत नाही. आधी पाठ पुसली. मी बुजवलेलं भोक लगेच दिसलं, गोल. मग खांद्यावरची बोटं पुसली. कुठे कडं नाही, सांधा नाही. सगळा एक दगड.

"दंडावरचे बोटं कोनी छिलून टाकले असतीन, मानलं," ते म्हणाले. "पण खांद्यावर... तिथं तं मी सगळं छिलून साफ केलतं. तिथं गोटा आला कुठून?"

मग मी सांगितलं. सगळं. भोकाचं, पुतळीचं, आणि मी काय बोलले तेही.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मूर्तीतल्या त्या माणसाकडे बघत राहिले, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेल्या. आणि म्हणाले, "तिले बसवलं ते बसवलं... मले काहून बसवलं तिच्या बाजूले?"

 

छिन्नी त्यांच्या पिशवीत असते. त्यांना ठोकता येईना, मीच ठोकली. भुगा निघाला. पुतळी आत होती, ठेवली तशीच. मी तिथेच ओढणीची कड फाडून तिच्यात ती ओवली आणि गळ्यात बांधली. पुढ्यातली पोळी उचलली, तुकडा मोडून पुतळीला दाखवला. "चुकलं," एवढंच म्हटलं. भिंतीवर बी.ए. असलेल्या बाईने, दुसऱ्याच्या लायब्ररीत, अर्ध्या पोळीचा तुकडा हातात धरून.

म्हटलं, मूर्ती फोडून टाकू. हे घाईने म्हणाले, "नको. ते फोडलं तं आतला मीबी फुटीन."

तीन आठवड्यांत हात सुटला. आधी कप, मग छिन्नी, मग हातोडा. डाग मात्र राहिले. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, नसेवरचा दाब आपोआप गेला असेल. मी मान हलवली. काय सांगणार?

मूर्तीचा हात परत गेला नाही. थांबला, पण खांद्यावरच थांबला, गळ्याकडे तोंड करून. मी शाळेत 'मूर्ती साफ करायला येते' म्हणून सांगून ठेवलं आहे. दर महिन्याला जाते. पाटीवरची अन्नाची ओळ मी स्वतः खोडून दिली. पहिल्या वेळी काळा दोरा नेला होता. तिच्या बोटाच्या टोकापासून नवऱ्याच्या गळ्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि तिथे दोऱ्याला गाठ मारली. तीन बोटं भरलं. तो दोरा आता पत्र्याच्या त्या डब्यात असतो. वर्षभर गाठ बरोबर गळ्यापाशी यायची.

गेल्या हिवाळ्यात मला खोकला धरला. छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. तिथल्या मुलाने गळ्यातलं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायला लावलं. मी म्हटलं, एवढं राहू द्या. तो म्हणाला, "मैडम, पढ़ी-लिखी होके ऐसी बात?" मी काढलं. जास्तीत जास्त दहा मिनिटं लागली असतील.

घरी आले तर हे निंबाखाली बसले होते, शर्टाची वरची बटणं उघडी. म्हणाले, "आज कालर टोचून राह्यली गळ्याले. तूच धुतला ना हा शर्ट?"

मी हौ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दोरा घेऊन शाळेत गेले. या वेळी गाठ गळ्याच्या एक बोट पुढे गेली.

हे मी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. सासूबाईंना फक्त एवढं विचारलं, की पुतळी थोडा वेळ तुम्ही घातली तर चालेल का. त्या म्हणाल्या, "सवतीची पुतळी सवतीच्याच गळ्यात, बाई. मी तं तिची सासू होती."

दगड वाढतो कसा, हे मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. कॉलेजमधल्या जुन्या सरांना आडवळणाने विचारलं, इंटरनेटवर शोधलं, काही हाती लागलं नाही. मी आजही म्हणत नाही की सवत येते. मी एवढंच म्हणते की मी दोरा मोजला आहे.

आता लिहायचं कारण. मला आठवा महिना लागला आहे. सासूबाई आनंदात आहेत, हे पाळणा करताहेत, लाकडाचा. बाळ आडवं आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं आहे, अंगावर धातूचं काही चालणार नाही. मंगळसूत्र, जोडवी, सगळं काढून घरच्यांकडे द्यायचं. तुमच्यापैकी कोणाकडे ही रीत असेल, कोणी अशा वेळी काय केलं असेल, तर कृपा करून कळवा. हसलात तरी चालेल. मीही हसले होते.

तिच्या बोटांपासून गळ्यापर्यंत आता दोनच बोटं उरली आहेत. दहा मिनिटांत एक गेलं होतं. ऑपरेशनला, डॉक्टरीणबाई म्हणतात, तास तरी लागतो.